छत्तीस तारा, अर्धा ग्लास

बुधवार, ८ ऑक्टोबर

पहिली आली ती हादा, आणि तिला कुणी बोलावलं नव्हतं. संस्थेची गाडी अजून नाक्यावर वळली नव्हती, तोवर ही रिकामी वाटी घेऊन दारात. म्हणे जिरं संपलं. हादाच्या घरातलं जिरं नेमकं आमच्याकडे पाहुणे यायच्या दिवशी संपतं.

आमच्या मशिदीतल्या साक्षरता वर्गाच्या बाई म्हणतात, वहीत माणूस आला की तो कोण ते लिहायचं. तर हादा म्हणजे समोरची शेजारीण. मी रक्कूश. आणि हे म्हणजे माझा नवरा बिही, सायकली दुरुस्त करतात. मी ह्यांना ‘हे’ असंच लिहिणार. एक्केचाळीस वर्षं नाव घेतलं नाही, आता वहीत कशाला घ्यायचं. घराची पुढची खोली म्हणजे ह्यांचं दुकान. सगळं तारूदांत शहर ह्यांना मालेम म्हणतं, म्हणजे हातात कसब असलेला माणूस.

हादा वाटी पुढे करून म्हणाली, “तुझ्या नवऱ्याला तीनदा सलाम केला. मान वर केली नाही. बहिरा झालाय की माजलाय?”

मी म्हटलं, “तुला बघून माझीसुद्धा मान आपोआप खाली जाते.”

रेडिओ केवढा मोठा चालू होता. त्यात हादाचा सलाम कुठे ऐकू येणार. हल्ली हे रेडिओ फारच मोठा लावतात. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, दुसरं काय.

मग संस्थेची माणसं आली. विदाद नावाची तिशीतली मुलगी, बोलायला गोड, आणि तिच्याबरोबर तौफीक, तो अगादीरचा मेकॅनिक. त्याचं बोलणं कमी आणि खाणं नेटकं. मसेमनचे, म्हणजे आमच्या घडीच्या पोळीचे, चार पापुद्रे सुटे करून एकेक खाल्ला. मला असा माणूस आवडतो.

त्यांनी गाडीतून सायकल काढली ती आमच्या तिलीलाची. माझ्या लेकीची लेक, बारा वर्षांची, तिगमी गावात असते. शाळा अकरा किलोमीटर लांब. तिकडच्या बत्तीस मुलींना संस्थेने सायकली दिल्या. रस्ता सगळा दगडगोट्यांचा, आणि मुलगी कधी एकटी जात नाही, मागे धाकटी बहीण असतेच. त्यामुळे मागची चाकं बसतात. तिलीलाचं चाक ह्यांनीच उन्हाळ्यात नव्याने बांधलं होतं. ते तीन आठवडे चाललं. आज बघितलं तर चार तारा तुटलेल्या आणि रिम उन्हात वाळलेल्या भोपळ्याच्या सालीसारखी मुरडलेली.

विदाद म्हणाली, “मालेम, राग मानू नका.”

हे म्हणाले, “हल्ली ताराच खराब येतात.”

तौफीकने खिशातून चिमट्यासारखं एक यंत्र काढलं, त्याला घड्याळासारखा काटा. उरलेल्या तारांना ते लावून तो आकडे वाचत गेला. एक सत्तावीस, शेजारची अकरा, तिच्या पुढची एकोणीस. ह्यांनी आकडे ऐकले आणि रेडिओ बंद केला. मग परत लावला.

ठरलं ते असं. ह्यांनी हेच चाक पुन्हा बांधायचं. ते लोक दोन आठवड्यांनी, गुरुवारी तेवीस तारखेला येऊन तपासणार. चाक टिकलं तर बत्तीसही सायकली इथेच येणार. नाही टिकलं तर सगळ्या अगादीरला, आणि तिथून परत यायला हिवाळा संपेल. तोवर मुली घरी. तिलीला नऊ दिवस घरीच आहे. माझी लेक फोनवर म्हणाली, “हिवाळाभर घरी बसली तर पुढे कोण पाठवतंय, आई. तिचा बाप आत्ताच म्हणतो, घरात हात हवेत.”

हे जेवले नाहीत. मी म्हटलं, “तारा खराब असतील तर दुसऱ्या आणा.” म्हणाले, “कसल्या वाऱ्या?” मी म्हटलं, “तारा हो, तारा.” तर म्हणाले, “हां, आणतो.”

गुरुवार, ९ ऑक्टोबर

ह्यांनी चाक पूर्ण सोडलं. नवी रिम, नव्या तारा छत्तीस. मी मोजल्या. वर्गात शंभरपर्यंत झालंय.

भोपळा महाग झालाय आणि पाणचट निघतो.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज एक नवल झालं. ह्यांनी मला दुकानात बसायला सांगितलं.

एक्केचाळीस वर्षांत मी तिथे चहा ठेवायची आणि निघायची. बायकांनी दुकानात बसू नये असं काही नव्हतं, पण ह्यांना कामात कुणी नको असायचं. आज चहा ठेवून वळले तर म्हणाले, “अगं बस ना. घाई आहे का कुठे?” मला वाटलं बरं नाही की काय. कपाळाला हात लावून बघितला. गार होतं.

बाकाला जुन्या सायकलीचा चिमटा उलटा ठोकलाय, त्यात चाक अडकवून फिरवतात. तारा चाकाच्या मधल्या हबपासून निघतात आणि रिमपाशी प्रत्येकीला एक पितळी टोपी असते. ती टोपी बारक्या चावीने फिरवली की तार घट्ट होते किंवा सैल. चाक कुठे डावीउजवीकडे लचकतंय ते हे रिमजवळ खिळा धरून बघतात. केसाएवढं अंतर ह्यांना दिसतं. मला तर चाक सरळच दिसत होतं.

पूर्वी हे तारेला नखाने टिचकी मारायचे आणि पुढे जायचे, मी कितीदा दारातून बघितलंय. आता नवीनच रीत काढलीय. स्क्रूड्रायव्हरचं टोक तारेला टेकवायचं, लाकडी मूठ दातात धरायची आणि मग टिचकी. मला हसू आवरेना. म्हटलं, “चाक बांधताय की चावताय?”

हे हसले नाहीत. मूठ तोंडातून काढून म्हणाले, “ह्या बाजूच्या तारा वाजवत जा बरं एकेक. वेगळी कोणती ते सांग.”

मी वाजवल्या. हवा भरायच्या नळीपासून सातवी बारीक आवाजात किंचाळत होती. अकरावी तर म्हाताऱ्यासारखी खोकली. मी सांगितलं. ह्यांनी दोन्हींना बोटाने दाबून बघितलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरोबर. मला माहीतच होतं. तुझी परीक्षा घेत होतो.”

परीक्षेत पास झाले म्हणायचं. बाईंना सोमवारी सांगणार.

सोमवार, १३ ऑक्टोबर

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुम्हाला कसं कळलं, लाल्ला रक्कूश?” लाल्ला म्हणजे मानाने ताई. आता ह्यात न कळण्यासारखं काय आहे. पंचवीस वर्षं मी माग चालवलाय. गालिच्याचा ताणा लावायचा म्हणजे दोघी बायका दोन टोकांना बसतात आणि मधून सूत फिरतं. एक धागा ढिला राहिला तर पुढे सगळा गालिचा त्या जागी पोट काढतो. माझी आई ताण्यावरून तळहात फिरवायची आणि कान जवळ न्यायची. म्हणायची, सगळे एका सुरात हवेत. आणि ताणा लावताना त्याच्यावरून कुणी ओलांडून गेलं की ओरडायची, त्यातला जीव जातो म्हणून. मी लहानपणी एकदा ओलांडला होता. तो गालिचा खरोखर वाकडा झाला. पण मी त्या दिवशी गाठीही वाकड्याच मारल्या होत्या.

माग अजून गच्चीवर आहे. गुडघे गेल्यापासून त्यावर मिरच्या वाळतात.

हे सगळं ह्यांना सांगितलं. म्हणाले, “चाक म्हणजे गालिचा नव्हे.” पण चावी माझ्या हातात दिली. ती चावी ह्यांनी आमच्या मुलालासुद्धा कधी दिली नव्हती, म्हणून तर तो फ्रान्सला जाऊन बेकरीत लागला.

शिकायला फार गंमत आली. मी सैल तारा शोधून आवळत सुटले. थोड्या वेळाने हे म्हणाले, “थांब, फुटेल.”

“का? घट्ट झालं की मजबूत होतं ना?”

“आवळणं कुणालाही येतं,” हे म्हणाले. “जिथे लचक आहे तिथे एक बाजू अर्धा फेरा घट्ट, तर समोरची अर्धा फेरा सैल. सोडणं हेसुद्धा काम आहे.”

एवढं लांब वाक्य ह्यांच्या तोंडून मी गेल्या ईदनंतर पहिल्यांदा ऐकलं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आज मी मोठा घोळ घातला, आणि फार मजा आली.

हे एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मातीला बाहेरगावी गेले होते. मला वाटलं, परत यायच्या आत काम संपवून टाकावं. दार लोटून बसले. एकेक तार वाजवायची, पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. दुपारच्या नमाजापर्यंत छत्तीसही तारा एका सुरात. उजवीकडून वाजवा की डावीकडून, एकच आवाज. माझ्या आईने ऐकलं असतं तर कपाळाचा मुका घेतला असता. मी हादाला बोलावलं. तिने चार तारा वाजवल्या आणि म्हणाली, “लग्नात वाजवायला नेऊ या का हे?” मनातून तिलाही आवडलं होतं.

मग मी चाक सायकलीत बसवलं, तर ते फिरेना. सायकलीच्या डाव्या दांडीला खरखर घासायला लागलं. लचक काही नव्हती, चाक अगदी सरळ होतं, पण सगळंच्या सगळं डावीकडे जाऊन बसलेलं. मी काढलं, परत बसवलं. हादाने लाथ मारून बघितली. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर हाच उपाय असतो.

हे आले, टोपी न काढता चाकाकडे बघितलं. उजवीकडच्या चार तारा चिमटीत धरून दाबल्या, डावीकडच्या चार दाबल्या. आणि हसायला लागले. भिंतीला टेकून हसले. किती महिन्यांनी हसले ते मी मोजलं नाही, पण दाराशी हादाच्या हातातलं जिरं सांडलं. हो, जिरंच. गेल्या बुधवारी नेलेलं परत आणलं होतं, निमित्ताला.

“सगळ्या एकसारख्या ताणल्यास?” हे म्हणाले.

“मग कशा ताणायच्या? मागावर तसंच असतं.”

“तुझ्या मागाला उजवं-डावं आहे का? हे बघ.” ह्यांनी मला हब दाखवला. मागच्या चाकाला उजवीकडे दातेरी चक्र असतं, त्याने जागा खाल्लेली असते. म्हणून उजवीकडच्या तारा जवळजवळ उभ्या निघतात आणि डावीकडच्या तिरप्या. “लग्नाचा तंबू आठव. एका बाजूला भिंत जवळ, खुंटी खांबाच्या पायाशीच ठोकावी लागते. दुसऱ्या बाजूला लांब. दोन्ही दोर सारखेच ओढले तर खांब कुठे जाईल?”

“लांबच्या खुंटीकडे,” मी म्हटलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात गेलाच होता, नवरदेवाच्या मामावर.

“मग खांब उभा ठेवायला जवळचा दोर जास्त ओढायला लागतो.”

म्हणजे उजवीकडचा आवाज बारीक आणि चढा, डावीकडचा खालचा. एका चाकाला दोन आवाज, आणि ते दोन असतात तेव्हाच चाक मधोमध उभं राहतं. मी चहा विसरून तिथेच बसून राहिले. एवढी वर्षं ही गोष्ट आमच्या पुढच्या खोलीत होती आणि मला कुणी सांगितली नाही. ह्यांना तसं म्हटलं. हे म्हणाले, “तू विचारलं कधी होतंस?” मी म्हटलं, “तुम्ही बसवलं कधी होतंत?”

दारातल्या हादाला वाटलं, आता जुंपली. पण भांडण नव्हतं ते.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

कुसकुस केलं, सात भाज्यांचं. भोपळा पाणचटच.

काल दिवसभर आम्ही डाव्या तारा अर्धा अर्धा फेरा सैल करत होतो आणि उजव्या घट्ट. अडचण अशी होती की कुठवर न्यायचं ते कळेना. ताणा लावताना एक धागा प्रमाण धरतात, तसं इथे काहीच नव्हतं. हे म्हणाले, “पूर्वी मला अंदाज होता.” मी म्हटलं, “आता काय झालं अंदाजाला?” तर चाक फिरवायला लागले.

तेवढ्यात माझी अंगठी चहाच्या ग्लासाला लागली आणि मला सापडलं. अर्धा भरलेला ग्लास वाजवला की चढा आवाज येतो, काठोकाठ भरला की खाली उतरतो. गच्चीवर जुनं चांगलं चाक पडलंय, ह्यांनी दहा वर्षांपूर्वी बांधलेलं, अजून ताठ. ते खाली आणून वाजवलं. उजवीकडची तार बरोबर अर्ध्या ग्लासाची. डावीकडची भरलेल्या ग्लासाची, थोडी वर, म्हणजे एक घोट प्यायल्यावरची.

हे ग्लासाकडे असे बघत होते जणू मी तो नुकताच घडवलाय.

मग आमच्या चाकाकडे वळलो. मी चमच्याने अर्धा ग्लास वाजवला. हे लगेच म्हणाले, “अगदी तोच. एकदम बरोबर.”

मी म्हटलं, “अहो, तार अजून वाजवलीच नाही मी.”

हे म्हणाले, “मग वाजव. कोण अडवतंय?”

कधीकधी असे थट्टेवर येतात. तरुणपणी फार करायचे.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज शेवटचं काम. दोन-दोन तारा मुठीत धरून करकचून आवळायच्या, चाकाच्या सगळ्या बाजूंनी. तारा चावीबरोबर पिळल्या जातात, त्यांचा पीळ निघाला पाहिजे, नाहीतर रस्त्यावर निघतो आणि आठवड्यात चाक लचकतं. ह्याला जोर लागतो, तो ह्यांच्या हातात अजून आहे. आवळलं की चाक कट् म्हणतं.

“म्हणालं का कट्?” हे विचारत होते.

“तुमच्याच मुठीत वाजलं की.”

“तुझं लक्ष आहे का बघितलं.”

मग मला दर वेळी सांगायची सवयच लागली. कट् झालं की मी “हं” म्हणायची, आणि हे माझ्या तोंडाकडे बघून पुढची जोडी धरायचे. एक फेरी झाली की सगळे आवाज थोडे उतरलेले असत. परत ग्लास, परत चावी, खिळा धरून परत ह्यांचा डोळा. तिसऱ्या फेरीत एकदाही कट् झालं नाही. सगळं चाक गप्प.

हे म्हणाले, “उन्हाळ्यात मी एकच फेरी केली होती. मला वाटलं, झालं.”

मी म्हटलं, “मग तारा खराब नव्हत्या?”

“नाही,” हे म्हणाले. “तारा चांगल्या होत्या.”

असं कबूल करणारा माणूस नव्हे हा. मी अमलू काढलं, बदाम वाटून तेलात कालवलेलं, गेल्या वर्षीचं शेवटचं, आणि दोघांनी भाकरीबरोबर बरणी पुसून खाल्लं.

रविवार, १९ ऑक्टोबर

बाजाराला तिगमीचा टेम्पो आला होता, त्यात सायकल चढवली. टेम्पोवाला म्हणाला, “मावशी, मेंढ्या आहेत वर.” मी म्हटलं, “मेंढ्यांना सांग, चाकावर बसायचं नाही.” टेम्पो गेल्यावर हे रस्त्यात उभेच राहिले. मागून टांगेवाला ओरडत होता, घोडा अगदी पाठीशी येईपर्यंत बाजूला झाले नाहीत. मी हात धरून ओढलं. काळजीने माणसाला भान राहत नाही.

बुधवार, २२ ऑक्टोबर

झोप नाही. ह्यांनाही नाही. लेकीला फोन केला तर ती शेतावर. चाकाचं काय ते कळलं नाही. हादा म्हणाली, “मोडलं असतं तर एव्हाना कळलं असतं. वाईट बातमीला टेम्पो लागत नाही.” आयुष्यात पहिल्यांदा तिचं बोलणं मला बरं वाटलं.

उद्या गुरुवार, माझा हम्मामचा, म्हणजे गावच्या न्हाणीघरात जायचा दिवस; गेला गुरुवार कामात चुकलाच होता. हे म्हणाले, “उद्या जाऊ नकोस.” मी म्हटलं, “संध्याकाळी येतेच की.” म्हणाले, “ते लोक असताना तू इथे हवीस.” आणि मग, “चहा करायला.”

गुरुवार, २३ ऑक्टोबर

आले. हादाच्या आधी आले, ते तिला फार लागलं.

सायकल गाडीतच होती, येताना तिगमीहून घेतलेली. तीन दिवस शाळेला जाऊन-येऊन, मागे धाकटी बहीण, आणि काल तिच्या बापाने त्यावरून गॅसची टाकी आणली म्हणे. तौफीकने चाक चिमट्यात अडकवून फिरवलं. ह्यांनी खिळा धरला नाही, भिंतीकडे बघत बसले. मी बघत होते. चाक जागच्या जागी उभं असल्यासारखं फिरत होतं.

मग यंत्र. उजवीकडे तेवीस, तेवीस, चोवीस, तेवीस. डावीकडे पंधरा, पंधरा, पंधरा, सोळा. तौफीकने अठरा तारा केल्या आणि यंत्र खिशात टाकलं. म्हणाला, “बाकीच्या बघत नाही. मालेम, तुमच्याकडे असलं यंत्र आहे?”

तो ह्यांच्या पाठीमागे उभा होता. हे काही बोलले नाहीत. तो परत म्हणाला. मीच सांगितलं, “यंत्र नाही, ग्लास आहे,” आणि वाजवून दाखवला, अर्धा आणि एक घोट कमी. तौफीकने ग्लास बघितला, मला बघितलं, मग ह्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग तो फिरून ह्यांच्या समोर आला, गुडघ्यावर बसला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “चाक फार सुंदर झालंय.”

हे म्हणाले, “दोघांनी केलंय. हिच्याशिवाय होत नाही.”

ह्या मुलाला वळण चांगलं आहे. आम्हा म्हाताऱ्यांशी हल्ली कोण खाली बसून बोलतं.

विदादने कागदावर नावं लिहिली. बिही, आणि त्याखाली रक्कूश. मी म्हटलं, शद्दा, म्हणजे अक्षर दुप्पट करायची खूण, चुकला, र वर नाही, क वर द्यायचा. तिने दिला.

हँडलला एक चिठ्ठी बांधलेली होती. माझ्या नावाने आलेली आयुष्यातली पहिली चिठ्ठी. मी स्वतः वाचली, फक्त एका शब्दाला अडले. तिलीलाने लिहिलं होतं, “आजी, आधीचं चाक सारखं कटकट आवाज करायचं. हे काहीच बोलत नाही. असंच असतं ना? मी शाळेत वेळेवर पोचले तिन्ही दिवस.” ह्यांना वाचून दाखवली तर म्हणाले, “दे, मी वाचतो.” चष्मा लावून दोनदा वाचली.

पाहुण्यांना पोचवायला आम्ही दोघं दारापर्यंत गेलो. पहिल्या आठ सायकली कधी आणणार ते विदादने दारातच सांगितलं, चांगलं मोठ्याने. आत आल्यावर हे म्हणाले, “कधी येणार म्हणाली ती?”

शेजारीच तर उभे होते माझ्या. आनंदात लक्ष नसेल. मी म्हटलं, “वहीत लिहून ठेवते, वाटेल तेव्हा बघा.” हे म्हणाले, “हो, तू लिहीत जा. मोठ्या अक्षरात.”

तर लिहिते. सोमवार, ३ नोव्हेंबर, दुपारच्या नमाजानंतर, सायकली आठ.